मजूर पडला, भिंत कोसळली – जबाबदारी कुणाची? घर आणि गाळे बांधणाऱ्यांनी काय समजून घ्यावं

सानगडी, साकोली, लाखांदूर या आपल्या पट्ट्यात हातात थोडी बचत आली की आता ती विटा-सिमेंटमध्ये जाते. कुणी नागपूरला नोकरी करतो, कुणी आखाती देशातून पैसे पाठवतो, कुणाचं दुकान बरं चालतं. मग रस्त्याला लागून एक प्लॉट घ्यायचा, खाली दोन-तीन गाळे काढायचे, वर भाड्याच्या खोल्या. पोरांच्या शिक्षणाला आणि म्हातारपणाला महिन्याचं भाडं उपयोगी पडेल, हा साधा हिशोब. यात वाईट काही नाही. व्याजावर पैसा ठेवण्यापेक्षा भाड्याचं हलाल उत्पन्न बरं, असंच बहुतेक घरांत म्हटलं जातं.

पण या हिशोबात एक रकाना आपण रिकामा सोडतो. स्लॅब टाकताना मजूर खाली पडला तर? भाडेकरूच्या लेकराला उघड्या वायरचा शॉक लागला तर? पावसात जुनी भिंत रस्त्यावरून जाणाऱ्या माणसावर पडली तर? असं विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. एक, “ठेकेदार पाहून घेईल.” दुसरं, “अल्लाह खैर करे, असं काही होणार नाही.” अल्लाहवर भरवसा हवाच, पण कायदा आणि शरीअत दोन्ही इथे थांबत नाहीत. दोन्हीकडे मालकाला काही सवाल विचारले जातात. ते कोणते, हे या लेखात सोप्या शब्दांत मांडायचा आमचा प्रयत्न आहे.

मोठ्या दुर्घटना आपल्या आठवणीतल्याच आहेत

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत इमारती कोसळल्या, त्यात आपल्या वस्त्या बऱ्याच होत्या. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळ इथे लकी कंपाउंडमधली, बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडली आणि ७४ माणसं गेली. त्यात मजूर होते, त्यांची बायका-मुलं होती. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली, ३३ जण गेले. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन पडली, १६ जण गेले. ती इमारत जुनीही नव्हती. त्यानंतर महिनाभरात, २१ सप्टेंबरला, भिवंडीत जिलानी बिल्डिंग पहाटे झोपलेल्या लोकांवर कोसळली.

या बातम्या टीव्हीवर येतात. गावातला अपघात येत नाही. सेंटरिंगवरून पडून कंबर मोडलेला बेलदार, विहिरीत पडलेलं लेकरू, सेप्टिक टँकमध्ये गुदमरलेला माणूस यांची बातमी तालुक्याच्या पानावर दोन ओळीत संपते. पण त्या घरातला कमावता हात गेलेला असतो, आणि ज्याच्या दारात हे घडलं त्याचं घरही पुढची काही वर्षं कोर्टकचेरीत जातं.

बांधकामावरचा मजूर: कायदा काय म्हणतो

कामावर इजा झाली तर मजुराला भरपाई द्यायची, हा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. नाव बदललं, पण भरपाईच्या हिशोबाची मूळ रीत तीच राहिली. या कायद्यातली मुख्य गोष्ट अशी, की इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढं पुरे.

हिशोब असा होतो. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के. हिशोबात धरायच्या मजुरीची कमाल मर्यादा सरकार अधिसूचनेने ठरवतं. २०२० मध्ये ती महिन्याला १५,००० रुपये झाली. अपघाताच्या तारखेला कोणती मर्यादा लागू होती ते वकिलाकडून तपासून घ्यावं. ३० वर्षांच्या मजुरासाठी गुणायचा आकडा २०७.९८ आहे. म्हणजे १५,००० चे निम्मे ७,५००, गुणिले २०७.९८ – उत्तर १५,५९,८५० रुपये. पूर्ण अपंगत्व असेल तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये.

हात-पाय, बोटं यांचे टक्केही कायद्याला जोडलेल्या यादीत दिलेले आहेत. अंगठा गेला तर ३० टक्के. म्हणजे त्याच मजुराचा अंगठा लाकूड कापायच्या मशीनमध्ये गेला, तर १८,७१,८२० चे ३० टक्के, ५,६१,५४६ रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा. आता आपल्या खेड्यात अंगठा गेलेल्या माणसाच्या हातात काय पडतं ते आठवून बघा: मलमपट्टीचा खर्च, हजार-दोन हजार रुपये आणि “सबर कर” असा सल्ला.

पैसे लवकर देणंही बंधनकारक आहे. देणं लागू झाल्यापासून एका महिन्यात रक्कम दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो.

“मजूर ठेकेदाराचा होता, माझा नव्हता”

हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. कायदा म्हणतो, की एखादा माणूस आपल्या धंद्याच्या कामासाठी ठेकेदार लावतो, तेव्हा ठेकेदाराच्या मजुराला झालेल्या इजेची भरपाई त्या मूळ माणसाकडूनही मागता येते. तो ती भरतो आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करतो. म्हणजे मजुराच्या घरच्यांनी कुणाच्या मागे धावायचं, हे त्यांच्या सोयीने ठरतं. ते त्याच्याच दारात येतील ज्याच्याकडे द्यायला काही आहे. ठेकेदाराची बॅग घेऊन पळायला एक रात्र पुरते. तुमचा गाळा तर तिथेच राहणार.

स्वतःच्या राहत्या घराचं प्रकरण यापेक्षा वेगळं पडू शकतं, कारण राहतं घर हा धंदा नाही. पण भाड्याने द्यायचे गाळे, खोल्या, विकायला काढलेले फ्लॅट यांना “धंदा नाही” म्हणणं अवघड आहे. आणि राहत्या घरावरही ठेकेदार न लावता आपण स्वतःच मिस्त्री-मजूर रोजीने बोलावले, तर ठेकेदाराकडे बोट दाखवायची जागाच उरत नाही.

मशिदीच्या आणि मदरशाच्या कामालाही हे लागू होतं, ते कमिटीच्या लोकांनी नीट लक्षात घ्यावं. मशिदीचे गाळे काढायचे, मजला चढवायचा तर चंदा जमतो, स्लॅबच्या दिवशी मोहल्ल्यातली तरुण पोरं सवाबच्या नियतीने घमेली उचलायला येतात. नियत पाक आहे, पण सेंटरिंग कच्चं असेल तर ते नियत पाहून थांबत नाही. चंद्याच्या अंदाजपत्रकात सुरक्षेचा आणि विम्याचा खर्च एका ओळीत लिहिला, तर चंदा देणारा कुणी नाराज होणार नाही.

कागदावर मिटवलेलं प्रकरण मिटत नाही

अपघात झाला की गावात बैठक बसते. चार जाणकार माणसं येतात, पन्नास हजार किंवा लाखावर सौदा ठरतो, स्टॅम्प पेपरवर “आता काही तक्रार नाही” असं लिहून अंगठा घेतला जातो. मालकाला वाटतं, सुटलो.

सुटका झालेली नसते. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम या कायद्याखालच्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. वारसाच्या हातात परस्पर दिलेली रक्कम, तातडीची उचल सोडली तर, कायद्याने भरपाई म्हणून धरली जात नाही. आणि मजुराने आपला हक्क सोडून दिल्याचा करारही टिकत नाही. म्हणजे विधवेला कमी मिळतं, आणि मालकाच्या डोक्यावरची तलवारही तशीच राहते. यापेक्षा सरळ मार्ग दोघांच्या भल्याचा. जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात रक्कम कुठे आणि कशी जमा करायची ते विचारता येतं.

भाडेकरूसोबतच्या करारनाम्यात “कोणत्याही अपघाताला मालक जबाबदार नाही” असं वाक्य टाकायची पद्धत आहे. या वाक्यावर फार विसंबू नका. रस्त्याने जाणाऱ्या माणसाने त्या करारावर सही केलेली नसते, भाडेकरूकडे आलेल्या पाहुण्यानेही नाही.

रस्त्याकडे झुकलेली भिंत

दिल्लीच्या चांदणी चौकात टाऊन हॉलसमोर एक घड्याळाचा मनोरा होता. तो कोसळला आणि माणसं दगावली. मनोरा नगरपालिकेच्या मालकीचा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६६ मध्ये निकाल लागला. बांधकाम ऐंशी वर्षांचं होतं, आणि तिथे वापरलेल्या चुन्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. पालिकेचं म्हणणं होतं की दोष बाहेरून दिसत नव्हता. कोर्टाने ते मानलं नाही. रस्त्यालगत ज्याची इमारत आहे, त्याने ती तपासत राहायला हवी. दोष त्याला माहीत होता की नव्हता, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

आता गंमत बघा. हीच चर्चा आपल्या हनफी फिक्हच्या किताबांत शेकडो वर्षांपूर्वी झालेली आहे. बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’मध्ये झुकलेल्या भिंतीचा स्वतंत्र मसला आहे. एखाद्याची भिंत आम रस्त्याकडे झुकली, लोकांनी त्याला साक्षीदारांसमोर सांगितलं की ही पाडून घे, त्याला पाडायला वेळ मिळाला, तरी त्याने पाडली नाही आणि ती कुणावर पडली, तर जीवित आणि मालाच्या नुकसानीचा जिम्मा त्याचा. तसाच दुसरा मसला विहिरीचा. आम रस्त्यावर कुणी खड्डा खणला आणि त्यात माणूस पडला, तर खणणारा जबाबदार.

आपल्या भंडारा जिल्ह्यात हा मसला किताबापुरता राहत नाही. तळ्यांचा आणि धानाचा मुलूख, पावसाळ्यात पाणीच पाणी. मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि त्यालाच टेकवून पुढे काढलेला नवा स्लॅबचा गाळा, असं बांधकाम जुन्या वस्तीत दिसतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा ओल्या भिंती काय करतात ते जिल्ह्याने पाहिलं. पाऊस थांबून ऊन पडल्यावरही भिंत बसते. तेव्हा ग्रामपंचायतीची नोटीस आली, किंवा शेजाऱ्याने “भाई, तुझी भिंत कलली” असं सांगितलं, तर त्यात अपमान मानू नका. किताबाच्या भाषेत तो साक्षीदारांसमोरचा इशाराच आहे. तिथून पुढचा प्रत्येक दिवस तुमच्या जिम्म्यावर.

फौजदारी बाजूही आहे. हलगर्जीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कुठल्याही विम्याने भरून निघत नाही.

चार जागा ज्या आजच बघाव्यात

वीज. प्लॉटवरून ११ हजार व्होल्टची लाइन जात असेल तर ती इमारतीपासून सरळ वर किमान ३.७ मीटर आणि बाजूला किमान १.२ मीटर दूर असावी, असा नियम आहे. मजला चढवताना लांब सळई उभी करताना ती तारेला लागते, आणि क्षणात सगळं संपतं. काम सुरू करण्याआधी महावितरणकडे लाइन हलवायचा अर्ज करा. भाड्याच्या खोल्यांत अर्थिंग आणि गळती पकडणारा स्विच बसवा. कूलर आणि पाण्याच्या मोटारीने उन्हाळ्यात जास्त धोका.

सेप्टिक टँक. माणसाला आत उतरवून टँक साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नव्या टँकची सेंटरिंग काढायला उतरणारा माणूसही बंद जागेतल्या वायूने गुदमरतो. झाकण उघडून हवा खेळू द्या, एकट्याला उतरवू नका. आणि एक बेशुद्ध पडला तर दुसऱ्याने तसंच मागे उडी मारू नये. एकाच्या मागे दुसरा जातो तो असाच.

गच्ची, जिना, विहीर. कठडा नसलेली गच्ची, उघडी टाकी, बांध नसलेली विहीर. लहान मुलाला तिथे खेळ दिसतो. जिना, गच्ची, टाकी यांचा ताबा बहुतेक मालकाकडेच असतो, म्हणून तिथल्या इजेचा प्रश्नही आधी त्यालाच विचारला जातो.

परवानगी. बांधकाम ग्रामपंचायत हद्दीत असलं तरी मंजुरी लागते. मंजुरीशिवायच्या मजल्यावर अपघात झाला, तर कोर्टात उभं राहायला जमीन उरत नाही, आणि विमा कंपनीलाही दावा नाकारायला कारण मिळतं.

विमा: कोणता कशासाठी

बँकेच्या कर्जासोबत घराचा विमा घेतला की सगळं झालं, असं खूप जणांना वाटतं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. ती आग, पूर, वीज पडणं, भूकंप अशा कारणांनी तुमच्या घराचं आणि सामानाचं नुकसान भरते. तुमच्या घरामुळे दुसऱ्याला झालेली इजा ती भरत नाही. त्यासाठी वेगळी सोय लागते.

बांधकाम चालू असताना मजुरांसाठी कर्मचारी भरपाई विमा. किती मजूर, किती मजुरी, किती दिवस हे सांगून तो काढता येतो. ठेकेदाराचे मजूर त्यात आहेत का आणि दवाखान्याचा खर्च त्यात आहे का, हे दोन प्रश्न एजंटला विचारून उत्तर पॉलिसीत लिहिलेलं बघा. ठेकेदार “माझा विमा आहे” म्हणाला तर त्याची प्रत मागा, तारीख बघा. उशिराचा दंड मात्र विमा भरत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो.

इमारत तयार झाल्यावर सार्वजनिक जबाबदारीचा विमा. ग्राहक, पाहुणा, रस्त्याने जाणारा यांना इजा झाली तर तो कामी येतो. दुकानदारांच्या एकत्रित पॉलिसीत हा भाग जोडून मिळतो.

मजुराच्या बाजूनेही दोन गोष्टी बघा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते. कामावर अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख रुपये मिळतात. ९० दिवसांचा दाखला द्यायला आपण टाळाटाळ करतो, ती करू नये. तसंच प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण आहे. कामाला येणाऱ्या प्रत्येक मजुराच्या खात्यातून ते सुरू आहे का, एवढं विचारायला काही लागत नाही. पण या दोन्ही रकमा मालकाची जबाबदारी कमी करत नाहीत.

आणि हलाल-हरामचा प्रश्न?

हा प्रश्न टाळून पुढे जाणं बरोबर नाही. विम्यात सूद आहे, धोका आहे, जुगारासारखी अनिश्चितता आहे, म्हणून अनेक दीनदार घरं त्यापासून लांब राहतात. १९८५ मध्ये जेद्दाह इथल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने व्यापारी विमा नाजायज आणि आपसांतल्या सहकारावर चालणारा विमा जायज ठरवला. त्या धर्तीवर मलेशिया, आखात इथे तकाफुल कंपन्या चालतात. भारतात तशी कंपनी नाही. दुसरीकडे गाडीचा तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि तो आपण सगळेच काढतो.

आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणं आमचं काम नाही. पण प्रश्न नेमका विचारा, एवढं सुचवतो. “विमा जायज आहे का?” असं मोघम विचारू नका. असं विचारा: “ज्या विम्यातून मला काही परत मिळत नाही, इजा झालेल्या मजुराला किंवा वारसाला पैसे मिळतात, आणि तो नसला तर त्यांचा हक्क बुडायची भीती आहे, त्याचा हुकूम काय?” आपल्या मुफ्ती साहेबांना असा सवाल गेला तर जवाबही नेमका येईल.

आणि जवाब “नको” असा आला, तरी जबाबदारी संपत नाही. चुकून झालेल्या मृत्यूवर दियत आहे, आणि ती एकट्यावर न टाकता ‘आकिला’वर, म्हणजे त्याच्या कबिल्यावर वाटून टाकायची रीत शरीअतने सांगितली. ओझं वाटून उचलायचं, पण मयताच्या घराला त्याचा हक्क पोचवायचा, हा त्यामागचा विचार. गावातल्या बांधकाम करणाऱ्या दहा-वीस घरांनी, ठेकेदारांनी आणि मशीद कमिटीने मिळून प्रत्येक कामामागे ठरावीक रक्कम एका नोंदणीकृत निधीत टाकली, तर तो आपल्या काळातला आकिलाच होईल. हिशोब दर सहा महिन्यांनी जुम्याच्या नमाजनंतर वाचून दाखवावा. एवढा मोठा हक्क एका निधीतून पूर्ण निघणार नाही, हे खरं. पण पहिल्या आठवड्यात त्या घरात राशन आणि दवाखान्यात पैसे पोचतील.

अपघात झालाच तर

पहिलं काम, जखमीला दवाखान्यात न्या. पोलीस केस आहे म्हणून डॉक्टर पहिला उपचार नाकारू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. पोलिसांना आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. जागेचे फोटो काढा, तिथली वस्तू हलवून “काही झालंच नाही” असं करू नका. मजुराची हजेरी आणि दिलेली मजुरी वहीत असावी. वही नसेल तर आजपासून सुरू करा. आणि मयताच्या घरी स्वतः जा. वकिलाने बोलू नको सांगितलं म्हणून जनाजालाही न जाणारे लोक आहेत. कायद्याचं जे असेल ते होईल, पण माणुसकी त्यामुळे माफ होत नाही.

गाळ्याचं भाडं दर महिन्याला येईल, इन्शाअल्लाह. ज्या हातांनी तो गाळा उभा केला, त्यांचा हक्क बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात लिहिलेला असावा. सिमेंट आणि सळईच्या ओळीखाली आणखी एकच ओळ लागते.